पसंतीची कारणे

उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकांच्या घरी पापड, कुरडया, शेवया व्हायच्या. आमच्या घरी त्या व्हायच्याच, शिवाय साबण व्हायचा, मेणबत्त्या व्हायच्या, खडू व्हायचे, आणि यातलं निम्मं बिघडायचं. एका वर्षी पुस्तकात बघून केलेला साबण तीन दिवस गोठलाच नाही. माय ती कढई राखेनं घासत ओसरीवर बसली आणि ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. अण्णा शांतपणे पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं फुली मारून म्हणाले, "हे गेलं." ते पुस्तक त्या वर्षी शाळेला लागलं नाही. मला तेव्हा वाटायचं की जगातली सगळी पुस्तकं अशीच, कोणाच्या तरी मायच्या कढईतून पार पडूनच वर्गात येत असतील.

अण्णा, माझे वडील, हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते. आमचं गाव तेलगावच्या पुढं आडवाटेला, सगळा कापसाचा आणि उसाचा मुलूख. तिथं चित्रकलेच्या मास्तरला लोक मास्तर म्हणत एवढीच त्याची किंमत. संस्थेनं त्यांच्या गळ्यात कार्यानुभवही बांधलेला होता, म्हणजे हातानं काहीतरी करायला शिकवायचा तास. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. मराठी, गणित, इतिहास यांची पुस्तकं सरकारची, सगळ्या मुलखात एकच. पण चित्रकला आणि कार्यानुभव यांची पुस्तकं निरनिराळे प्रकाशक काढायचे आणि प्रत्येक शाळेनं आपापलं निवडायचं असायचं. म्हणून मे महिन्यात औरंगाबादचे, पुण्याचे एजंट रेक्झिनच्या पिशव्या घेऊन एसटीनं उतरायचे, आमच्या ओसरीवर पाणी प्यायचे, पोहे खायचे आणि नमुना प्रतींचा ढीग ठेवून जायचे. कोणी सोबत कॅलेंडर आणायचा, कोणी पेनचा संच, कोणी स्टीलचे डबे. अण्णा पुस्तकं ठेवून घ्यायचे आणि बाकीचं दारापर्यंत जाऊन ज्याचं त्याच्या हातात द्यायचे. मायला त्या स्टीलच्या डब्यांचं लई वाईट वाटायचं.

निवडायची त्यांची एकच रीत होती. करून बघितल्याशिवाय पुस्तक लावायचं नाही. पुस्तकात टोपली विणायची कृती असली की आम्ही टोपली विणायची. मी, धाकटी मंगल आणि हातातलं काम टाकून माय. अण्णा पाटावर बसून कृती मोठ्यानं वाचणार आणि आम्ही लिहिलंय तेवढंच करायचं. आपल्या डोक्यानं काही केलेलं त्यांना चालायचं नाही, कारण वर्गातल्या पोरांच्या घरी अण्णा बसलेले नसणार. मायला शिवण, विणकाम सगळं येत होतं, पण पुस्तकाच्या परीक्षेच्या वेळी तिला मुद्दाम काही येत नसल्यासारखं वागायला लागायचं, आणि ते तिला मुळीच जमायचं नाही. "असं कापलं तर काखंत फाटंल की," असं ती म्हणायचीच. अण्णा म्हणायचे, "फाटू दे. फाटलं तर पुस्तक नापास." एका चित्रकलेच्या पुस्तकात पहिल्या धड्यापासून समुद्र, नाव आणि नारळाची झाडं होती. अण्णांनी ते आम्हा दोघींपुढं ठेवलं आणि विचारलं, ह्यातलं काय काय बघितलंय? मंगल म्हणाली, नारळ, कपिलधारच्या देवळात फोडतात तो. त्यांनी पुस्तक मिटलं. ज्या पुस्तकात बाभूळ नाही ते आपल्या पोरांनी कशावर बघून काढायचं, असं म्हणत ते दिवसभर घरात फिरत होते.

हे सगळं सांगताना माझ्या बोलण्यात अजूनही अभिमान येतो, आणि त्याचाच मला राग येतो. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मंगल फोनवर बोलताना मधूनच विचारते की ताई, तू अण्णांना माफ केलंस का गं? नाही केलं. ज्या माणसाला कळतच नव्हतं त्याला माफ करता येतं. अण्णांना सगळं कळत होतं, आणि त्यांनीच ते मला शिकवलेलं होतं.

मी नववीत जाणार होते त्या वर्षी कार्यानुभवाला घरगुती वीजकाम हा विषय घ्यायचं ठरलं. गावात वीज येऊन फार दिवस झालेले नव्हते. आमच्या भाड्याच्या, मातीच्या छताच्या माळवदात दोन खोल्यांना दोन दिवे होते आणि ओसरी अंधारातच होती. दोन पुस्तकं आली. एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, रंगीत आकृत्यांचं, लेखकाच्या नावापुढं पदव्यांची रांग असलेलं. दुसरं पिवळ्या कव्हराचं, पातळ, कुठल्याशा निवृत्त वायरमननं लिहिलेलं, त्यातली शाई पानाच्या पलीकडं उमटलेली. अण्णांनी ठरवलं की ओसरीत दिवा बसवायचा आणि तो जाड पुस्तकानुसार सुमननं, म्हणजे मी बसवायचा. त्यांनी मेन स्विच बंद करून किल्लीसारखा फ्यूज काढून खिशात ठेवला, आणि मी तिवईवर उभी राहून तारा सोलल्या, लाकडी पट्टीत बसवल्या, बटण लावलं, होल्डर लावला. आकृतीत होतं तसं, तारेगणिक. मला इतका आनंद आयुष्यात फार कमी वेळा झालाय. फ्यूज बसवल्यावर मी बटण दाबलं आणि ओसरी उजळली. माय भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं बाहेर आली आणि दिव्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली. त्या दिवशी मला पहिली भाकरी मिळाली, शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार सोडून, अण्णांच्याही आधी. अण्णा म्हणाले, ही पोरगी पुढं ह्यातच शिकवायची. मी ते शब्द गिळून ठेवले.

दोन दिवसांनी दुपारी दिवा मिचमिचायला लागला. मायनं बटण बंद केलं. दिवा विझला हे तिनं नीट बघितलं, मग ती तिवईवर चढली आणि बल्ब घट्ट बसवायला ओलाच हात वर घातला. मी आत मंगलची वेणी घालत होते. मला ओरडणं ऐकू आलं नाही, नुसतं काहीतरी पडल्याचा आवाज आला. माय उखळाच्या कडेवर हातावर पडली होती. उजवं मनगट मोडलं होतं. शेजाऱ्याच्या बैलगाडीतून तिला पलीकडच्या गावच्या हाडवैद्याकडं नेलं, त्यानं बांबूच्या कांब्या लावून हात बांधला. तो पुढं वाकडाच बसला.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. दिवा मी बसवला होता. बटण बंद असताना मायला शॉक बसला होता, म्हणजे माझ्या हातून काहीतरी उलटं झालं होतं. भाकरी मीच करत होते. त्या चिरायच्या, काठ फाटायचे, आणि माय डाव्या हातानं आमटीत कुस्करून खात गुमान बसायची. ती एका शब्दानं मला बोलली नाही, आणि त्यामुळं मला जास्तच जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी अण्णा वायरमनकडून टेस्टर मागून घेऊन आले. त्यांनी बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावला, तर टेस्टरमधला दिवा लागला. मग ते दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन तासभर बसले. नंतर त्यांनी आम्हा तिघींना बोलावलं आणि ओसरीच्या फरशीवर विटेच्या तुकड्यानं एक लाल रेघ ओढली, कोळशानं एक काळी.

"ह्या लाल तारेतून वीज येती," ते मायला म्हणाले, "अन् काळीतून माघारी जाती. बटण लालवर पाहिजे. म्हणजे बंद केलं की वीज दिव्यापर्यंत येतच न्हाई. ह्या शहाण्यानं पुस्तकात बटण काळीवर दाखवलंय. दिवा लागतो, विझतो, बघणाऱ्याला काहीच कळत न्हाई. पण विझल्यावरबी वीज होल्डरात येऊन बसलेली असती." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सुमन, तू आकृतीपरमाणं केलंस. तुझी काडीचीबी चूक न्हाई. चूक पुस्तकाची हाय."

मी तिथंच रडायला लागले. मायनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. पातळ पिवळ्या पुस्तकात बटण बरोबर लाल तारेवर होतं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी फ्यूज काढून ओसरीतली जोडणी स्वतः बदलली, जाड पुस्तकावर फुली मारली, आणि जिता असेपर्यंत हे पुस्तक माझ्या शाळेत येऊ देणार न्हाई असं म्हणाले. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

आठवडाभरानं शाळेचे हेडक्लार्क सोपानराव घरी आले. कडक ऊन होतं, डोक्यावर ओला पंचा टाकून सायकलवर आले होते. त्यांच्याजवळ पुस्तक निवडीचा छापील फॉर्म होता. पुस्तकाचं नाव भरलेलं होतं, मुख्याध्यापकांची सही झालेली होती, आणि 'पसंतीची कारणे' असा एक लांबरुंद रकाना कोरा होता. नाव जाड पुस्तकाचं होतं. अण्णांनी मायचा हात दाखवला, फरशीवरच्या पुसट झालेल्या रेघा दाखवल्या, सगळं सांगितलं. सोपानरावांनी मनापासून चुकचुक केली, माणूस म्हणून ते वाईट नव्हते. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की पुस्तक लिहिणारा हा संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांचा धाकटा जावई आहे. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी घरात आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हती. अण्णा सहा वर्षं शिकवत होते तरी कायम झालेले नव्हते, आणि त्यांना कायम करायचा कागद तात्यासाहेबांच्या टेबलावर याच आठवड्यात यायचा होता.

"सर, सही तर दुसऱ्या कुणाचीबी घेता येती," सोपानराव म्हणाले. "पण तात्यासाहेब म्हणले, कारण मास्तरच्याच हातानं लिहून आणा. त्यांच्या करून बघण्याला लई मान हाय. शेजारच्या चार शाळा तुमी काय लावता ते बघून लावत्यात."

मी चहा घेऊन दारात उभी होते. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटत होतं की आता ते नेहमीसारखे दारापर्यंत जातील आणि फॉर्म ज्याचा त्याच्या हातात देतील. मी खरंच त्यांच्या उठण्याची वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडं पेन मागितला. मी चहा खाली ठेवून पेन आणून दिला, हेही मला सांगायलाच हवं. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्यांनी सावकाश लिहिलं आणि सोपानरावांनी ते खात्रीसाठी मोठ्यानं वाचलं: 'सदर पुस्तकातील जोडणी माझ्या मुलीने घरी प्रत्यक्ष करून पाहिली. दिवा लागतो.'

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी करून बघितलं होतं आणि दिवा लागला होता. सोपानराव सायकलवर टांग टाकून गेले. अण्णा कितीतरी वेळ त्या चहाकडं बघत बसले आणि मग तो थंडगार चहा त्यांनी पिऊन टाकला. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. पुस्तक बरोबर आहे असं अण्णांनीच लिहून दिलं असेल, आणि जोडणी मी केली असेल, तर मायचा हात मोडला तो कोणाच्या चुकीनं? आठवड्यापूर्वी माझ्या डोक्यावरून उतरवलेलं ओझं त्यांनी त्या दोन ओळींनी परत माझ्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

जूनमध्ये अण्णा कायम झाले. आज मी जी काही आहे ती त्या कायमपणावर शिकले, हे मला कोणी सांगायची गरज नाही. माझ्या फिया, माझं वसतिगृह, मंगलचं लग्न, सगळं त्यातूनच झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण खाल्लेल्या अन्नाची चव ओळखायची नाही असा काही नियम नाही, आणि मला ते अन्न कडू लागलं होतं. पुढं मी आयटीआयला न जाता शाळेत शिवणकामाची बाई झाले. मला कोणी अडवलं नव्हतं. माझीच इच्छा मेली होती.

दिवाळीच्या आधी वर्गात ते पान आलं. अण्णांनी फळ्यावर आकृती काढली, लाल खडूनं एक रेघ, पांढऱ्यानं दुसरी, आणि बटण पांढरीवर. मी उभी राहिले आणि म्हणाले, सर, बटण लाल तारेवर पाहिजे. शाळेत आम्ही त्यांना सरच म्हणायचो. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. अण्णा फळ्याकडं तोंड करूनच म्हणाले की पुस्तकात आहे तसं काढा. मी बसले नाही. ते वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुमन, खाली बस." त्या आवाजात राग असता तर मी बसले नसते. त्यात विनवणी होती. मी बसले.

सहामाही परीक्षेत तोच प्रश्न आला, दहा मार्कांचा. मी बटण लाल तारेवर काढलं, आणि खाली चार ओळींत कारणही लिहिलं. पेपर परत मिळाला तेव्हा माझ्या आकृतीवर उभी रेघ मारलेली होती आणि समासात भोपळा होता. पेपर तपासणारे अण्णा होते. त्या दिवशी आम्ही दोघं शाळेतून एकाच रस्त्यानं घरी आलो, ते पुढं आणि मी वीस पावलं मागं. घरी येसराची, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती, माझ्या आवडीची. दोघंही जेवलो. मार्कांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. पुढच्या काही महिन्यांत आम्हा दोघांना असं न बोलता जेवायची चांगलीच सवय झाली.

मी हट्टी होते असं मला आवडेल लिहायला. पण मला वर्गात पहिला नंबर हवा होता, आणि दहा मार्कांनी तो हुकला होता. वार्षिक परीक्षेत प्रश्न परत आला, जसाच्या तसा. मी पट्टी घेतली, लाल पेन्सिलीनं एक रेघ ओढली, काळीनं दुसरी, आणि बटण काळीवर काढलं. पुस्तकापेक्षाही सुबक. दहापैकी दहा मिळाले आणि शेजारी त्या मोत्यासारख्या अक्षरात 'उत्तम' असा शेरा होता. मी पहिली आले.

निकालाच्या दिवशी अण्णा पेढे घेऊन आले आणि पेपरही घेऊन आले. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं मोकळं झालेलं बघितलं नव्हतं. माय चुलीपुढं होती. तिला लिहायला वाचायला येत नव्हतं, म्हणून अण्णांनी तो पेपर तिच्यापुढं धरून बोटानं मार्क दाखवले, धापैकी धा. मायनं पदराला हात पुसले आणि पेपर हातात घेतला. तिनं आकडे बघितले नाहीत. तिनं ती आकृती बघितली. वाकड्या मनगटाचं ते बोट लाल रेघेवरून सावकाश दिव्यापर्यंत गेलं आणि तिथं थांबलं.

"ह्या लाल तारंवर बटण न्हाई," ती म्हणाली. "अवो, घरातलं तर तुमी दुसऱ्याच दिवशी बदललंत. मग लेकीच्या हातानं हे कावून काढून घेतलं?" मग तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "अन् तू कावून काढलंस?"

अण्णांनी पेपरची घडी घालून तो खिशात ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि मी त्यांच्याकडं. तोपर्यंत आम्ही बापलेक एका बाजूला झालो होतो, आणि माय तिच्या बाजूला एकटीच होती.